आंतोनच्या गोणीतलं मेण

नाहूर,
३० नोव्हेंबर

आदरणीय मिस,

तुम्ही दिलेल्या गोणीत माणसांचे हातपाय का होते? आज दुपारी वर्गातल्या सगळ्या बायकांनी मला हा प्रश्न विचारला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

दिवाळीनंतर मी गोराईला तुमच्याकडे आले होते, तेव्हा मी माझ्या रविवारच्या वर्गाबद्दल सांगितलं होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांच्या शाळेत नाताळच्या आधी सीक्रेट सँटा असतो. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची. दरवर्षी सगळ्यांच्या आया स्टेशनवरून तीच प्लॅस्टिकची खेळणी आणतात आणि ती जानेवारीपर्यंत मोडतात. मी म्हटलं, भेटी हाताने करू, मी शिकवते. शाळेत हस्तकला तुम्हीच शिकवली होती, म्हणून तुम्हाला विचारायला आले. तुम्ही पडवीतली गोणी दाखवून म्हणालात, मेण आहे, घेऊन जा, मेणबत्त्या कर.

पहिल्या रविवारी वरचे ओबडधोबड गोळे वापरले. नारळाच्या करवंट्यांत मेण ओतलं, मध्ये सुती वात. पहिलाच प्रयत्न होता, पण झकास जमलं. आज खाली हात घातला तर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या लागल्या. शेजारच्या वनमाला काकूंनी पहिली सोडली आणि त्यातून एक हात निघाला. मनगटापर्यंत. नखांसकट. काकूंच्या हातून तो खाली पडला. मग एक पाऊल, एक गुडघा, डोळ्यांची जोडी, आगपेटीएवढं घर. शेवटच्या पुडीत बाळं होती. मेणाची, वीतभर लांबीची, हात छातीशी धरलेली.

मला वाटलं ही जुनी खेळणी असतील. मी म्हणाले, "बरं झालं, लहान आहेत, लवकर वितळतील." आणि एक बाळ डब्यात टाकलं. खरंच टाकलं, मिस. खाली पातेल्यात पाणी उकळत होतं, वर मेणाचा डबा, आणि माझी सुगंधा वहिनी चिमट्याने ढवळत होती. बाळ तळाशी गेलं. आधी त्याचा चेहरा गेला. वनमाला काकू ओरडल्या, "अगं, नवसाचं आहे ते, काय करतेस." एकदम गलका झाला. मी गॅस बंद करून वळले तर वहिनीची खुर्ची आडवी पडलेली आणि वहिनी निघून गेलेली. डब्यात बघितलं, बाळ नव्हतं. विरघळून गेलं होतं.

तुम्हाला माहीत नसेल, वहिनीची दोन बाळं पोटातच गेली. दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत. आणि मी तिच्या हातात चिमटा देऊन तिच्यासमोर बाळ वितळवलं. ती खोलीतून बाहेर आलेली नाही. मला सांगा, हे काय होतं, आणि मी तिला काय सांगू?

तुमची,
निधी


गोराई,
४ डिसेंबर

प्रिय निधी,

तुझं पत्र वाचलं आणि तशीच पायरीवर बसून राहिले. ती गोणी मी कधी उघडलीच नव्हती. माझा भाऊ आंतोन ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत वारला. त्याच्या छपरीत होतं तसं सगळं मी पडवीत आणून ठेवलं. वरून हात लावला तर गोळे लागले, म्हणून तुला मेण म्हणून दिलं. आत त्याने साच्यातून काढलेले हातपाय असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. तो आयुष्यभर तेच करत होता.

आमच्या गावठाणात माउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं, लहानसं देऊळ आहे. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो, घर हवं असेल तो घर, मूल हवं असेल ती बाळ. तुमच्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्यातलाच प्रकार. हिंदू, ख्रिश्चन सगळे येतात. तू पदवीधर झालीस आणि इतकी वर्षं मुंबईत राहून हे तुला ठाऊक नाही, याचाच मला जास्त धक्का बसला.

वहिनीला काही सांगू नकोस. जेवायला वाढ आणि गप्प बस. चार दिवसांनी ती विसरेल. बायका विसरतात, नाहीतर चूल पेटली नसती.

आता वर्गाचं. शिकाऊ हातांना तू मेण दिलंस हीच मुळात घाई होती, आणि मीही अडवलं नाही. शिकाऊ माणसाला असं काम द्यावं जे बिघडलं तरी दिसायला बरं दिसतं. शर्टाच्या उरलेल्या कापडाचे तारे कर, आत कापूस, कडेने जाड दोऱ्याने सरळ धावदोरा. टाके वाकडे आले की तारा जास्तच लाडका दिसतो. दिवाळीच्या कंदिलाच्या काड्या उरल्या असतील, त्यावर पांढरा पतंगाचा कागद चिकटव, आमच्याकडची नाताळची चांदणी आणि तुमचा कंदील सख्खी भावंडं आहेत. सुईदोरे ठेवायला जाड सुताचे बटवे कर. आणि एक लक्षात ठेव. भेट शोभेची नको, रोज हात लागेल अशी हवी.

उरलेलं मेण तुझ्याकडेच राहू दे. मला ते परत बघवणार नाही.

तुझी,
लुर्डीना मिस


नाहूर,
८ डिसेंबर

आदरणीय मिस,

वहिनी विसरली नाही.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी एक मूर्खपणा करून बसले होते. तिला समजावायला गेले. म्हणाले, "वहिनी, मेण खनिज तेलापासून करतात. त्यात काही नसतं. बाळाच्या आकाराचं होतं इतकंच." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला पुढचं वाक्य आठवेना. मग म्हणाली, "तुला कॉलेजात हे शिकवलं का?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. तेव्हापासून माझ्याशी हूं आणि नाही एवढंच.

माशाचा वास आला की उठून जाते. दुपारी खोलीचं दार ओढून घेते. परवा मी केलेला पहिला कापडी तारा घेऊन गेले, सॉरी म्हणायला. तिने घाईने कपाट लावून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली, जणू मी आतून काही उचलून नेणार होते. तारा घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

दादाला विचारलं तर म्हणतो, "तू तिच्या वाटेला जाऊ नकोस." आई मालवणीतच फटकारते, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, "पंदरावी शिकलंस म्हणान सगळ्यांका शिकवची गरज नाय." घरात मी पहिली पदवीधर. एरवी हे ती शेजारणींना कौतुकाने सांगते.

वर्गात मेणाला आता कुणी हात लावत नाही. मी म्हटलं, उरलेले गोळे तरी वापरू. तर वनमाला काकू म्हणाल्या, "अगं, कुणाचा तरी गुडघा बरा झालाय ह्या मेणावर. तो मी करवंटीत ओतून दुसरीतल्या पोराला देऊ?" मग कळलं की त्यांनी स्वतः वांद्र्याच्या जत्रेत गुडघा वाहिला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाताईंनी घर वाहिलं होतं, ते ह्या बिल्डिंगमध्ये मिळालं म्हणतात. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आपण दुसऱ्या धर्माचा सण समजून घेऊ. आणि इथे सगळ्या आधीच तिथे जाऊन आलेल्या. मी आ वासून ऐकत बसले.

मिस, मला त्या बाळाचं काही वाटत नाही, असं मी म्हणत होते. पण काल तो डबा घासताना तळाशी एक पांढरी कड राहिली होती आणि ती खरवडायला माझा हात धजेना. मी सुरी बाजूला ठेवली. वहिनीला परत माझ्याशी बोलतं कसं करू?

निधी


मुलुंड,
१० डिसेंबर

मिस, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी निधीची वहिनी, सुगंधा. तुमचा पत्ता तिच्या पाकिटावरून घेतला. माझं शिक्षण नववीपर्यंत आहे, चुकलं तर समजून घ्या. सकाळी मी मुलुंडला पोळी-भाजी केंद्रात जाते, तिथे बसून लिहिते आहे. उत्तर घरी पाठवू नका, खाली केंद्राचा पत्ता दिला आहे.

ते बाळ वितळलं नाही. मी काढलं.

सगळ्या ओरडत होत्या, निधी गॅसकडे वळली होती. मी चिमटा आत घातला आणि ते बाहेर ओढलं, पदरात घेतलं आणि निघाले. हात भाजला. चेहरा पुसट झाला आहे, एक पाय गुडघ्याखाली उरला नाही. मी ते माझ्या ओटीच्या खणात गुंडाळून कपाटात ठेवलं आहे. निधीला वाटतं मी तिच्यावर रागावले. मी रागावले नाही. ती जवळ आली की मला वाटतं, आता ही विचारेल आणि मी सांगून टाकीन.

मिस, मला दिवस गेले आहेत. फक्त ह्यांना माहीत आहे. मागच्या दोन्ही वेळी आईंनी पहिल्याच महिन्यात सगळ्या बिल्डिंगला पेढे दिले. नंतर मला सगळ्या बिल्डिंगला परत सांगावं लागलं. लिफ्टमध्ये, नळावर, भाजीवाल्याकडे. लोक विचारायचे, आता कितवा? म्हणून या वेळी चौथा महिना पुरा झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं मी ह्यांच्याकडून वचन घेतलं.

मला विचारायचं आहे ते असं. ते बाळ कुणीतरी माउलीला वाहिलं असेल. म्हणजे ते दुसऱ्या बाईचं मागणं आहे, आणि मी ते उचलून माझ्या कपाटात ठेवलं. तिचं काही वाईट होईल का? किंवा तिच्या वाट्याचं माझ्याकडे आलं असेल का? आमच्या देवाचा प्रश्न असता तर गाऱ्हाणं घालून माफी मागितली असती. तुमच्या देवाचा नियम मला माहीत नाही. चोरी झाली असेल तर सांगा, मी परत देते. फक्त जानेवारीपर्यंत मुदत द्या.

आपली,
सुगंधा


गोराई,
१३ डिसेंबर

प्रिय सुगंधा,

तुझ्या नणंदेला मी लिहिलं होतं की तुझी वहिनी चार दिवसांत विसरेल. हे वाक्य लिहिणारी म्हातारी आयुष्यभर शाळेत मुलींना शिकवत होती, आणि तिला एवढंही कळलं नाही. ते वाक्य मी परत घेते.

तू विचारलंस त्याचं मला माहीत आहे तेवढं सांगते. देवळात वाहिलेलं मेण तिथे कायम राहत नाही. जागा कुठे आहे एवढी. संध्याकाळी ते गोळा होतं, माझा भाऊ आंतोन ते घरी आणायचा, छपरीत मोठ्या हंड्यात वितळवायचा आणि साच्यात ओतून पुन्हा नवे हात, पाय, घरं, बाळं करायचा. तेच मेण. काल जे गुडघा होतं ते उद्या घर व्हायचं. लहान असताना मी त्याला विचारलं होतं, मग त्या बाईच्या नवसाचं काय? तो म्हणाला, ती ठेवून वळली तेव्हाच तिचं काम झालं, आता माझं सुरू. तो काही शहाणा माणूस नव्हता. पण हे मला पटलं होतं.

म्हणजे तू कुणाचं काही घेतलं नाहीस. तुझ्या आधीही ते दहा जणींकडून फिरून आलं आहे.

आता खरं सांगायचं तर, गोणीतलं ते बाळ कुणी वाहिलेलं होतं की जत्रेत न विकलेलं, हे मी सांगू शकत नाही. आंतोन असता तर त्याला सांगता आलं असतं. नुसतं तुझं मन राखायला मी "न विकलेलं" असं लिहिणार नाही. पण त्याने फरकही पडत नाही.

ठेव ते. मुदत कसली मागतेस. नको वाटलं तर माझ्याकडे पाठव, मी आंतोनच्या फोटोजवळ ठेवीन.

हाताला काय लावलंस? भाजल्यावर तूप लावू नकोस, गार पाणी. आणि माशाचा वास सहन होत नसेल तर खिडकीत लिंबू ठेव.

निधीला मी काही लिहिणार नाही.

लुर्डीना


नाहूर,
१७ डिसेंबर

आदरणीय मिस,

तुम्हाला सगळं माहीत होतं. मला आज कळलं, आणि रागवायलाही वेळ नाही.

काल दुपारी आई वहिनीच्या कपाटात चादर शोधत होती. चादरींच्या घडीत हिरवा खण लागला. उलगडला तर आत मेणाचं बाळ. तोंड नाही, एक पाय नाही. मी स्वयंपाकघरात होते, काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आले तर आई भिंतीला टेकून बसलेली, तोंड पांढरंफटक. म्हणाली, "कोणी करणी केल्यान माझ्या सुनेर."

मिस, आमच्या गावाकडे कपाटात, उंबऱ्याखाली, उशीत अशी बाहुली सापडली की तिचा एकच अर्थ होतो. आईच्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. दोन वेळा पोट पडलं ते ह्यामुळे. तोंड आणि पाय नसलेलं बाळ, आणि ओटीचा खण. खण कुणी दिला असेल? तर वनमाला काकूंनी, नवरात्रात. काकूंशी आईचं पाण्याच्या टाकीवरून वाजलेलं आहे. झालं. पंधरा वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईचं नाव आईने दाराबाहेर उभं राहून घेतलं. वनमाला काकू दारात आल्या, ऐकलं आणि दार लावून घेतलं.

मी मेणबत्त्यांचा वर्ग, तुमची गोणी, माउलीचं देऊळ, सगळं सांगायला सुरुवात केली. आई म्हणाली, "मगे ता कपाटात चालत इला?" मी वहिनीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या बोटांवरचा भाजल्याचा डाग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आज सकाळी तिने मला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. दिवस गेलेत ते, तुम्हाला लिहिलं ते, तुम्ही काय उत्तर दिलं ते. मी इतके दिवस तिला मेण कशापासून करतात ते सांगत होते, मिस. आणि ती हे घेऊन फिरत होती.

आता ती म्हणते, आईंना खरं सांगू नकोस. चौथा महिना संपायला अजून वेळ आहे. आईंना सांगितलं की बिल्डिंगला कळणार, आणि या वेळी काही झालं तर मी इथे राहू शकणार नाही, असं म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली.

आणि खरं नाही सांगितलं तर गोरेगावहून नंदूमामा रविवारी येतोय. नारळ, तांदूळ घेऊन असली कामं तो बघतो. तो बाळ फोडून, जाळून खाडीत टाकणार. वहिनीसमोर. वनमाला काकूंनाही आई समोर बसवणार आहे.

शाळेत तुम्ही शिकवलं होतं की चुकलेला टाका झाकायचा नाही, उसवायचा. आजवर मी घरात एकदाही खोटं बोललेले नाही, त्याचा मला गर्वही होता. इथे कुठला टाका उसवू?

निधी


गोराई,
१९ डिसेंबर

प्रिय निधी,

टाक्याचं ते मी कापडाबद्दल सांगितलं होतं. तू ते माणसांना लावत बसलीस ही माझी चूक की तुझी, देव जाणे.

माझं नाव सांग. सांग की गोराईच्या म्हाताऱ्या ख्रिश्चन बाईने तुझ्या वहिनीला नाताळची भेट म्हणून पाठवलं, तिच्या धर्मात असं देतात, वाटेत पाय मोडला. मला कोण काय करणार आहे. तुझी आई मला शिव्या देईल, त्या मला ऐकूही येणार नाहीत. मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे, पण होडीत चढताना आता गुडघा धरतो.

रविवारच्या आत हे तुझ्या हातात पडो. पोस्टमनला खूप विनवलं आहे.

लुर्डीना मिस


नाहूर,
२३ डिसेंबर

आदरणीय मिस,

तुमचं पत्र काल आलं. रविवार होऊन गेला होता.

बरं झालं उशिरा आलं. तुमचं नाव सांगायचं माझ्याही मनात आलं होतं. पण मग करणी वनमाला काकूंच्या दारातून उठून तुमच्या दारात गेली असती. आईने तुम्हाला पाहिलेलंही नाही. न पाहिलेल्या माणसावर वाटेल ते खपतं. म्हणून ठरवलं की ज्याच्यावर काही खपणार नाही असं नाव घ्यायचं.

नंदूमामा दुपारी आला. हॉलच्या मधोमध पाट, पाटावर ताटात ते बाळ, भोवती कुंकू. आई, दादा, वहिनी. वनमाला काकू दाराशी स्टुलावर, ताठ. मामाने नारळ हातात घेतला तेव्हा मी म्हणाले, "मामा, थांब. ते मी केलंय. वहिनीसाठी. नाताळची भेट."

मग आई म्हणाली, "तू केलंस?"

"हो. वर्गात. पाय जमला नाही म्हणून दाखवलं नव्हतं. वहिनीने मला वाईट वाटू नये म्हणून ठेवून घेतलं."

"आंग येवढा सुबक, नि पाय असो?"

"अंग साच्यातलं आहे. साचा गोराईच्या मिसच्या भावाचा."

यात काही शब्द खरे होते, मिस. ते पकडून मी उभी होते. आईने माझ्याकडे बघितलं. ती मला लहानपणापासून ओळखते, मला खोटं बोलता येत नाही हे तिला माहीत आहे. म्हणाली, "मगे दुसरो पाय माझ्यासमोर कर."

मला पाय करता येत नाही. मला काहीच घडवता येत नाही, मी तुमच्या वर्गात मातीचा गणपती केला होता तो आठवत असेल. पण वहिनी उभी होती. मी गोणीतला एक गोळा आणला, त्याचे कपचे काढले, गरम पाण्यात टाकले. मऊ झाले की दोन तळव्यांमध्ये मळले. चटके बसत होते. पोटरी केली, ती बाळाच्या मांडीपेक्षा जाड झाली. बोटं करायला गेले तर पाऊल चपटं झालं. सगळे बघत होते. जयवंत दादा म्हणाला, "अगं, ही तर दुधी आहे." मामा खोकल्याचं निमित्त करून हसला.

तेवढ्यात वनमाला काकू म्हणाल्या, "पहिला पण असाच होता. मी सांगितलं होतं काढून टाक. माझ्यासमोरच केला हिने." ज्या बाईवर माझ्या आईने दाराबाहेर उभं राहून करणीचा आळ घेतला होता, ती माझ्या बाजूने खोटं बोलत होती. मी इतकी चकित झाले की पाय हातातून पडला. परत मळला. सुरीचं टोक तापवून तो गुडघ्याशी चिकटवला. एक पाय दुसऱ्याच्या दीडपट. चिकटला मात्र.

आईने बाळ उचललं, उलटंपालटं केलं. मग वहिनीच्या हातात दिलं. "घे. तुका दिल्लेला मा? नीट ठेव." नंतर काकूंकडे न बघता म्हणाली, "वनमाला, चाय घेतलंस काय?" आमच्याकडे माफी अशीच मागतात. काकूंनी अर्धा कप घेतला. पूर्ण नाही. बाकीचा अर्धा कधी घेतील, बघू.

मामा म्हणाला, "मगे ह्या नारळाचा काय करूचा?"

"चटणी," आई म्हणाली.

मला वाटलं संपलं. पण सोमवारी सकाळी वहिनी पाण्याची कळशी उचलायला वाकली आणि आईने ती तिच्या हातातून काढून घेतली. बांगड्याचं कालवण होतं, ते तिने गच्चीवरच्या स्टोव्हवर नेऊन केलं. वहिनीला वाटलं घरात धूर होतो म्हणून. दुपारी मी एकटी भांडी पुसत होते तेव्हा आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "कितवो म्हयनो?"

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आईने ते काढून घेऊन मांडणीत ठेवलं. मग म्हणाली, "ऱ्हवांदे. मी इचारूक नाय आणि तू सांगूक नाय." आणि भाजी निवडायला गेली. त्यानंतर रत्नप्रभाताई आल्या, तासभर बसल्या, अख्ख्या बिल्डिंगच्या गोष्टी झाल्या. मी कान देऊन ऐकत होते. आईने एक अक्षर काढलं नाही. मिस, माझी आई. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मामा म्हणतो.

मुलांच्या भेटी आज शाळेत गेल्या. कापडी तारे, पतंगाच्या कागदाच्या चांदण्या, चार बटवे. एका मुलाने ताऱ्याला स्टारफिश समजून दप्तराला लावलं आहे. मेणाच्या करवंट्या कुणी नेल्या नाहीत. त्या वनमाला काकूंनी रविवारीच उचलून नेल्या, म्हणाल्या, मी पेटवीन, तुला काय कळतंय.

वहिनी माझ्याशी बोलते आता. आज सकाळी केंद्रात जायच्या आधी तिने चपला घालता घालता मला विचारलं, "आईंना काही कळलं तर नाही ना गं?"

आईला कळलंय हे वहिनीला कळलं असतं तर ती पुन्हा पेढ्यांची वाट बघत, रोज आईच्या तोंडाकडे बघत बसली असती. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, नाही.

निधी